चाकरमानी रिव्हर्स गिअरमध्ये

सोमवार, सकाळचे अकरा. इनबॉक्समध्ये ऐंशी अनरीड मेल्स, समोर गार झालेला मशीनचा चहा. अशा वेळी शेजारच्या क्युबिकलमधला माणूस हमखास खुर्ची मागे ढकलतो आणि म्हणतो, "बस्स झालं यार! सगळं विकायचं आणि गावाला जायचं. चार आंब्याची झाडं लावायची आणि मस्त राहायचं."

सगळे हसतात. बुधवारपर्यंत तो आंबा विसरलेला असतो. शुक्रवारी तोच माणूस अप्रेझलचा फॉर्म भरताना दिसतो. पुढच्या सोमवारी पुन्हा आंबा.

तर मंडळी, तो माणूस म्हणजे मी. फरक इतकाच, की २०२३च्या मे महिन्यात आम्ही खरंच निघालो. बायको, मी, आठवीत जाणारी मुलगी आणि बहात्तर वर्षांची आई. डोंबिवली ते सावंतवाडी. वय वर्षं त्रेचाळीस. आता इथले तीन पावसाळे पाहून झालेत. ऑफिसातले जुने मित्र अजून फोन करून हळूच विचारतात, "खरं सांग, कसं चाललंय?" त्यांना दोनच उत्तरं अपेक्षित असतात: एकदम स्वर्ग, नाहीतर पुरती फजिती. दोन्ही नाहीये. म्हणून आजचा हा कॉलम.

आधी आकडे, मग आंबे

आमचं गणित अगदी साधं होतं. मुलगी मोठी होत होती, आई आमच्यातच, त्यामुळे डोंबिवलीचा वन बीएचके पुरेनासा झाला. ठाण्यात टू बीएचके घ्यायचा तर कर्ज साठ लाखांचं. साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी, महिन्याचा हप्ता सुमारे ५२ हजार रुपये. वीस वर्षांत बँकेला जाणार जवळजवळ सव्वा कोटी. आणि मी मोकळा होणार वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. म्हणजे ज्या घरात निवांत बसायचं, ते निवांत बसायचं वय संपल्यावर माझं होणार!

दुसरं गणित वेळेचं. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, पुढे रिक्षा. जाऊन-येऊन साडेतीन तास. वर्षाचे कामाचे दिवस धरा २४०. झाले ८४० तास. त्याला चोवीसने भागा. पस्तीस! म्हणजे वर्षातले पस्तीस अख्खे दिवस, रात्रीसकट, मी प्रवासात उभा होतो. उभा, कारण बसायला मिळालेले दिवस मी बोटांवर मोजू शकतो.

लॉकडाऊनमध्ये हे पस्तीस दिवस परत मिळाले होते. मग फर्मने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, आणि मिळालेली वस्तू परत देताना किती जड जातं ते कळलं. मी हिशेबनीस माणूस, ऑडिट आणि टॅक्स हे माझं काम. वजाबाकी लगेच दिसते.

पण सावंतवाडीच का? कारण आजोबा तिथल्या जवळच्याच गावातून निघाले होते.

ज्या वाटेने सगळे गेले

कोकणातल्या माणसाला मुंबईला जाण्याचं कौतुक नाही. तो तर रिवाजच. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत लागले, गाळ्यात पंधरा जणांबरोबर राहिले आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर पाठवत राहिले. अख्खा जिल्हा त्या मनीऑर्डरींवर जगला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. आजोबा तेव्हा गावी परतले. हात रिकामे, खोकला घेऊन. त्यामुळे आमच्या घरात 'गावाला परत जाणं' या शब्दांना वेगळाच वास आहे. परत कोण जातो? ज्याचं शहरात काही उरलं नाही, तो.

आकडेही हेच सांगतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार होती, २०११मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. महाराष्ट्र वाढत असताना हा जिल्हा चक्क कमी झाला. त्याच जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. पुरुष गेले कुठे? दादर, परळ, भांडुप, नालासोपारा.

त्यामुळे आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा समोरच्या काकींनी गेटपाशी येऊन विचारलेला पहिला प्रश्न अगदी स्वाभाविक होता: "कधी इलास? कधी जातलास?"

मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला इथे हा प्रश्न विचारतातच. त्यात काही वाईट नाही, ते 'हाऊ आर यू' आहे. मी म्हटलं, "जायचं नाहीये, राहायलाच आलो." काकींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी आवाज खाली आणला. "नोकरी गेली काय रे बाबा?"

पुढचे सहा महिने हा प्रश्न वेगवेगळ्या वेषात आला. दूधवाल्याकडून, केशकर्तनालयात, मुलीच्या शाळेत, लग्नाच्या पंगतीत. कुणी आजारपण सुचवलं, कुणी कर्ज. एका गृहस्थांनी तर शेअर बाजारात किती बुडाले तेही विचारून घेतलं. शहरात तुम्ही पोझिशन सांगून ओळख करून देता, इथे 'परत का आलास' याचं उत्तर देऊन. आणि 'मनासारखं जगायला' हे उत्तर इथे कुणाला पटत नाही. मलाही ते मोठ्याने म्हणताना जरा लाजच वाटायची.

तळं, दुपार आणि प्रायव्हसी

सावंतवाडी हे पंचवीस हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. गाव म्हटलं तर इथले लोक रागावतील, शहर म्हटलं तर तुम्ही हसाल. जुनं संस्थान. मधोमध मोती तलाव, काठावर राजवाडा, तिथे आजही हाताने रंगवलेली गोल गंजिफा बनतात. चितार आळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं. माझ्या घरापासून बाजार, पोस्ट, बँक, शाळा सगळं पायी पंधरा मिनिटांच्या आत. संध्याकाळी तळ्याला एक फेरी मारली की निम्मं गाव भेटतं.

आणि दुपार! मित्रांनो, दुपार नावाची गोष्ट मी वीस वर्षं पाहिलीच नव्हती. आमच्या ऑफिसात काचा टिंटेड होत्या, सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा सारखेच दिसायचे. इथे जेवणाच्या सुमारास दुकानांची शटर्स खाली येतात, गल्लीतली कुत्रीसुद्धा आडवी होतात. पहिल्या महिन्यात मला संताप यायचा. "अरे, प्रिंटरची शाई हवीय, दुकान उघडं ठेवा की!" आता मीसुद्धा अर्धा तास आडवा होतो. क्लायंटला सांगतो, मीटिंगमध्ये आहे.

स्लो लाइफची जी पॅकेट्स आपल्याला विकली जातात, त्यांच्यावर काही गोष्टी छापलेल्या नसतात. त्या अशा:

एक, मासे स्वस्त मिळतील ही अंधश्रद्धा आहे. शेजारी गोवा, तिथली हॉटेलं आणि तिथले टुरिस्ट. चांगला पापलेट, विसवण भाव खाऊनच असतो. आम्ही बांगड्यावर सुखी आहोत. भाजी मोठ्या प्रमाणात घाटावरून येते, बेळगाव-कोल्हापूरकडून. आंबोली घाटात पावसाने दरड कोसळली की टोमॅटो लगेच रुसतो.

दोन, प्रायव्हसी. दुपारी मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी घ्या, संध्याकाळी समोरच्या काकी कोकमाचं सरबत घेऊन हजर! छान वाटतं. पण नवरा-बायकोचं भांडणही याच वेगाने पोचतं, हे लक्षात असू द्या. तेव्हा सरबत येत नाही, सल्ला येतो.

तीन, वीज. २०२१च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळाने या जिल्ह्यात कित्येक ठिकाणी अनेक दिवस अंधार होता, त्याच्या गोष्टी लोक अजून सांगतात. वादळ नसतानाही जून-जुलैमध्ये फांदी पडते, तार तुटते. माझं काम जीएसटी रिटर्नचं. दर महिन्याची ११ आणि २० तारीख पाऊस बघून थांबत नाही. म्हणून घरात इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं इंटरनेट आणि तिसरा उपाय म्हणून गोव्याच्या हद्दीजवळचा एक मित्र. तीन वर्षांत एकदाही तारीख चुकवली नाही, पण २० जुलैला माझं ब्लडप्रेशर तपासू नका.

उत्पन्नाचं विचाराल, तर मुंबईतल्या पगाराच्या निम्म्याच्या थोडं वर. मुंबईचे दोन क्लायंट, बाकी इथले छोटे व्यावसायिक: काजूवाला, होमस्टेवाले, हार्डवेअरचं दुकान. डोंबिवलीच्या फ्लॅटचं भाडं येतं, इथलं भाडं त्याहून कमी. हप्ता शून्य. महिन्याअखेर हातात उरणारी रक्कम जवळजवळ तेवढीच. पण 'पॅकेज' हा शब्द मात्र आयुष्यातून गेला, आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी प्रमोशन टाकलं की पोटात अजून थोडं हलतं. हलू द्यावं. माणूस आहे.

घरातल्या तिघींचं काय?

असल्या गोष्टींत हिरो नेहमी 'तो' असतो. तो राजीनामा देतो, तो गावाला जातो, तो झाडाखाली चहा पितो. फोटोत मागे जी असते, तिनेही राजीनामा दिलेला असतो, ते कुणी विचारत नाही.

माझी बायको ठाण्यात शाळेत शिकवायची. अकरा वर्षांची नोकरी. ती गिरगावची, मालवणी तिला परकी. निघण्याआधी तिने एकच अट घातली: आधी भाड्याने राहायचं, घर घ्यायचं नाही, आणि दोन वर्षांनी जो निर्णय होईल त्यात तिचं मत शेवटचं. मी सही केली. म्हणजे खरंच कागदावर, तिने फ्रिजला लावला. पहिलं वर्ष तिला काम मिळालं नाही. ती सकाळी उठून साडी नेसायची आणि मग कुठे जायचं नाहीये हे आठवून पुन्हा ड्रेस घालायची. ते बघणं सोपं नव्हतं. मग तिने घरीच स्पोकन इंग्लिशचा वर्ग काढला. चार मुली आल्या, आज सव्वीस आहेत. दोन वर्षं झाल्यावर तिने फ्रिजवरचा कागद काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "एक वर्ष अजून." तेवढंच. कागद पुन्हा फ्रिजवर गेला. सध्या आम्ही त्या वर्षात आहोत.

आई मात्र सरप्राइज होती. आयुष्यभर "गावाक जाऊया" म्हणणारी बाई, निघायच्या दिवशी खुर्चीवरून उठेना. "माझ्या महिला मंडळाचं काय?" इथे तिला माणसं मिळाली, पण डोंबिवलीच्या मंडळाची भिशी ती अजून फोनवरून भरते.

आणि २०२४च्या जुलैमधली ती रात्र. मुसळधार पाऊस, आईच्या छातीत दुखायला लागलं. गावातले डॉक्टर दहा मिनिटांत घरी आले, हे शहरात झालं नसतं. पण तपासून म्हणाले, पुढचं इथे होणार नाही, गोव्याला न्या. दक्षिण सिंधुदुर्गातली माणसं मोठं दुखणं आलं की वर्षानुवर्षं गोव्याचाच रस्ता धरतात, बांबोळीचं मेडिकल कॉलेज इथल्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. ॲम्ब्युलन्समध्ये मी आईचा हात धरून होतो, वायपर चालूनही समोर काही दिसत नव्हतं. दीड तास. डोंबिवलीत आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांत चार हॉस्पिटलं होती. तो दीड तास मी आमच्या हिशेबाच्या वहीत कुठल्याच रकान्यात धरू शकत नाही. आई बरी झाली, स्टेंट बसला. घरी आल्यावर म्हणाली, "जीव जायचाच असता, तर कल्याण फाट्याच्या ट्रॅफिकमध्येपण गेला असता." तिने मला सोडवलं. पण त्या रात्रीचं ओझं मी बाळगून आहे, आणि बाळगणारच.

सोमवारच्या स्वप्नासाठी चेकलिस्ट

तुमच्यातल्या कुणाच्या डोक्यात हे खरंच शिजत असेल, तर माझ्याकडून चार गोष्टी फुकट:

१. आधी भाड्याने राहा, आणि पावसाळ्यात राहा. डिसेंबरमध्ये कुठलंही गाव प्रेमात पाडतं. निर्णय जुलैत घ्या.

२. जमीन घ्यायची घाई नको. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं, आणि कोकणात सातबारा म्हणजे कुटुंबाची हजेरी असते. आमच्या वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर सत्तावीस नावं आहेत. त्यातले काही ठाण्यात, काही बडोद्यात, तिघं देवाघरी. घर आमचंही आहे, पण कौल बदलायचे तर सगळ्यांची संमती हवी. म्हणून आम्ही गावातल्या त्या घरात नाही, सावंतवाडीत भाड्याने राहतो.

३. राजीनाम्याच्या आधी स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी काढा. नोकरी सुटली की कंपनीचं ग्रुप कव्हर जातं, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असू शकतो. चाळिशीत शुगर-बीपी पाहुणे म्हणून आलेले असतात. आणि हो, घर बघताना आधी मोठं हॉस्पिटल किती लांब ते मोजा, मग समुद्र.

४. गणपतीत घर रिकामं ठेवू नका, कारण ते ठेवताच येणार नाही. रेल्वेचं ॲडव्हान्स रिझर्वेशन नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी उघडतं. ज्यांना कोकणकन्या आणि तुतारी दोन्ही मिळतात ते सगळे तुमच्याकडे उतरतात. ज्यांना मिळत नाहीत, ते गाडी काढून उतरतात. अकरा माणसं, एक बाथरूम. गेल्या वर्षी मी माझ्या मावसभावाला दारातच विचारलं, "कधी इलास? कधी जातलास?" आणि समोरच्या काकी खो खो हसल्या. त्या दिवसापासून मला कुणी नोकरी गेली का ते विचारलेलं नाही.

चौथी सीट

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आम्हाला हे गाव परवडतं, शांत वाटतं, कारण इथली तरुण मुलं इथे नाहीत. घर स्वस्त भाड्याने मिळतं, कारण ज्यांनी त्यात राहायचं ते विरारला राहतात. तळ्याकाठचा बाक रिकामा मिळतो, कारण त्यावर बसायच्या वयाची पोरं गोव्यात शिफ्ट करतायत. जी शांतता मी विकत घ्यायला आलो, ती त्यांच्यासाठी संध्याकाळी सातनंतर काहीच नसणं आहे. मी वीस वर्षं मुंबईत कमावली, शिकलो, धक्के खाल्ले आणि मग ही शांतता घेतली. मी जर बावीसचा असताना इथे असतो, तर मीही पहिली गाडी पकडली असती. म्हणून तुम्हाला 'शहर सोडा' असं मी सांगणार नाही. तुमचं वय शहराचं आहे. भरपूर वापरून घ्या.

बायकोच्या वर्गातली एक मुलगी, वय बावीस, अकाउंट्सची पदवी. तिला गेल्या महिन्यात मुलुंडला नोकरी लागली. वडील काजूच्या कारखान्यात, मुंबईत नातेवाईक कुणी नाही. डोंबिवलीत तीन मुलींबरोबर खोली घेतेय. निघायच्या आदल्या दिवशी ती वही घेऊन आली. इंग्लिशचे प्रश्न संपलेले होते, आता लोकलचे होते. सर, लेडीज डबा प्लॅटफॉर्मवर नेमका कुठे येतो? फास्टला चढायचं की स्लोला?

मी सांगितलं, फास्टच्या नादी लागू नकोस, डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकड, निदान आत शिरायला मिळेल. बायकोने पास काढायचं समजावलं. आईने आतून डायरी आणली आणि महिला मंडळाच्या दोघींचे नंबर लिहून दिले. "काय लागला तर हक्कान जा. माझा नाव सांग."

जाताना तिने दारातून विचारलं, "सर, मी चाललेय ते बरोबर ना? तुम्ही तर सगळं सोडून इथे आलात."

"आम्ही सगळं करून आलोय," बायको म्हणाली. "तू आत्ता सुरू कर."

तर वाचक मैत्रिणींनो, सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये बॅग छातीशी धरून, स्टेशनांची नावं पुटपुटत उभी असलेली एक मुलगी दिसली, तर जरा सरकून तिला चौथी सीट द्या. आमच्या गावची आहे.